अदृष्टाच्या आधी

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोटारीने पंधरा दिवसांत जितक्या तक्रारी रुजू केल्या तितक्या मागील सहा वर्षांत मिळूनही केल्या नसतील, आणि त्या तक्रारींचे स्वरूप असे परस्परविसंगत होते की यंत्राचा दोष कोणता आणि ग्रहांचा कोणता, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्या मंडळींना खरोखरीच पडला. सकाळी गाडीत बसावे तो घड्याळ बाराच्या आकड्यावर परत गेलेले असे. बाजारातल्या अरुंद गल्लीत वळण घेताना स्टिअरिंग एकाएकी लाकडासारखे जड होई आणि मोकळ्या रस्त्याला लागताच पुन्हा हलके होई. समोरच्या फलकावर ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा पिवळा दिवा, त्याच्या शेजारी एअरबॅगचा लाल दिवा, आणि एके दिवशी तर चारही दारे घट्ट लावलेली असताना दार उघडे असल्याची सूचना, असे सारे एकामागून एक उजळत आणि कसलेही कारण न सांगता मावळत. हॉर्नचा आवाज तर ताप येऊन गेलेल्या माणसासारखा बसला होता. त्याच पंधरवड्यात पावसाने दडी मारल्यामुळे बांधीतली रोवणी खोळंबली होती आणि घरात दोघांनी अंथरूण धरले होते. वहिनींनी शनिवारी मारुतीला तेल घातले, गाडीला लिंबूमिरची बांधली, आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, इतकं सगळं एकदम बिघडतं ते उगीच नाही.”

वहिनींचे ते वाक्य मला त्या वेळीही पटले होते आणि आज सर्व उलगडा झाल्यानंतर अधिकच पटते. परस्परांशी काही संबंध नसलेल्या पाच-सात गोष्टी एकाच काळी बिघडतात तेव्हा त्या पाच-सात स्वतंत्र आपत्ती नसून एकाच आपत्तीची पाच-सात रूपे असावीत, हे अनुमान अंधश्रद्धेचे नव्हे, शास्त्राचे आहे. आपल्या नैयायिकांनी त्याला लाघव असे नाव दिले आहे: एका कारणाच्या कल्पनेने भागत असेल तर अनेक कारणे कल्पिणे हा गौरवाचा दोष होय. वहिनींनी तर्कशास्त्र वाचलेले नाही. पण अनेक पिढ्यांच्या अनुभवाने मुरलेल्या बुद्धीला हा नियम शिकवावा लागत नाही. त्यांचे अनुमान चुकले असेल तर ते एका पुढच्या पायरीवर, म्हणजे ते एक कारण कोठे शोधावयाचे या प्रश्नावर. आणि धर्मविचाराच्या दृष्टीने मला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो नेमका येथेच उभा राहतो. संकटांच्या मुळाशी काही एक आहे असे मानणाऱ्या श्रद्धाळू माणसाने ते दृष्टात शोधावे की अदृष्टात, आणि शोधावयाचे असल्यास कोणत्या क्रमाने?

अदृष्ट ही आपल्या दर्शनांतील काही उपेक्षणीय कल्पना नव्हे. जिवाने केलेल्या धर्माधर्माचा जो संस्कार आत्म्यात राहतो आणि कालांतराने फळास येतो, त्याला न्यायवैशेषिकांनी हे नाव दिले. पण कणादांच्या वैशेषिकसूत्रांत याच शब्दाची व्याप्ती फार मोठी आहे. अग्नीची ज्वाला वर का जाते, आणि लोहचुंबकाकडे सुई का ओढली जाते, या प्रश्नांचे उत्तरही तेथे अदृष्ट हेच दिले आहे. आज आपण जाणतो की चुंबकाचे आकर्षण मोजता येते, तारेच्या वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह सोडून ते निर्माण करता येते आणि प्रवाह तोडून नाहीसेही करता येते. मोटारीचा सेल्फ ज्या सोलेनॉइडने खेचला जातो तो याच आकर्षणाचा चाकर आहे. म्हणजे एके काळी जे अदृष्टाच्या अमलाखाली होते ते दृष्टाच्या ताब्यात आले. यात कणादांना उणेपणा येतो असे मला वाटत नाही, कारण आपल्या परंपरेने अदृष्टाला सनद देतानाच तिच्यावर एक अट लिहून ठेवली होती: जोपर्यंत दिसणाऱ्या कारणाने कार्याची उपपत्ती लागते तोपर्यंत न दिसणारे कारण कल्पिणे न्यायाला धरून नाही. ही अट मीमांसकांनी आणि नैयायिकांनी दोघांनीही पाळली. माझ्या मते आपल्या धार्मिक जीवनातील पुष्कळसा गोंधळ ही अट विसरल्याने झाला आहे.

पण अट विसरण्याचा अपराध केवळ श्रद्धाळूंकडूनच घडतो असे नाही. मोटार प्रथम एका मोठ्या शहरातील कारखान्यात नेली तेव्हा तेथील तरुण कारागिराने फलकाखाली स्कॅनर लावला आणि गाडीतल्या निरनिराळ्या संगणकांनी आपापल्या दफ्तरात नोंदवून ठेवलेले दोष एकेक करून वाचून दाखवले. ते सात निघाले. एबीएसच्या खात्याने चाकाजवळच्या सेन्सरला दोष दिला होता, स्टिअरिंगच्या खात्याने मोटरला, आणि दोन खात्यांनी तर शेजारचे खाते आपल्याशी बोलतच नाही अशी कैफियत दिली होती. त्या सातही जबान्या त्याने खऱ्या मानल्या, सेन्सर बदलला, त्याचे पैसे घेतले, आणि स्टिअरिंगची मोटर बदलावी लागेल म्हणून अंदाजपत्रक हातात ठेवले. वहिनींच्या तर्कात निदान एकत्वाची जाणीव होती. येथे तीही नव्हती.

साक्षीदार खोटे बोलत नव्हता, आणि तरीही साक्ष खोटी होती. ही गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते. कुमारिल भट्टांचे म्हणणे असे की प्रत्येक ज्ञान स्वतः प्रमाणच असते, त्याला बाहेरून दाखला आणावा लागत नाही. ते अप्रमाण ठरते ते दोनच मार्गांनी, एक तर त्याच्या विरुद्ध जाणारे बलवत्तर ज्ञान झाले म्हणजे, किंवा ज्या साधनातून ते उत्पन्न झाले त्या साधनातच दोष आहे असे कळले म्हणजे. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो; शंख तपासून काय उपयोग, डोळा तपासला पाहिजे. मोटारीतला संगणक ज्या विद्युत्शक्तीवर जागा असतो ती शक्तीच जर क्षीण झाली तर त्याला चाकाकडून येणारा संकेत तुटका वाटतो, शेजाऱ्याचा निरोप अर्धवट ऐकू येतो, आणि तो प्रामाणिकपणे सेन्सरचे नाव लिहून ठेवतो. साक्षीदाराचाच प्राण कासावीस झाला असताना दिलेली ती जबानी होती, आणि त्या जबानीवरून चौकशी करणाऱ्याने आधी साक्षीदाराची नाडी पाहावयास हवी होती.

ती नाडी अखेर पाहिली गेली भंडारा–पवनी रस्त्यावर, अड्याळच्या बाजारपेठेत. पवनीला निघालो असता चहासाठी उतरलो आणि परत येऊन किल्ली फिरवली तो सेल्फने नुसता कट-कट-कट असा आवाज केला, समोरचे सारे दिवे क्षणभर मंदावले, आणि गाडी मुकी झाली. जवळच टिनाच्या शेडमध्ये ऑटो इलेक्ट्रिकचे एक लहानसे दुकान होते. तेथल्या मिस्त्रीला मी माझी सात दोषांची यादी सांगू लागलो, त्याने ती ऐकून घेतली नाही असे नव्हे, पण हात वर करून म्हणाला, “काकाजी, पयले बॅटरी पाहू द्या, मंग बाकीचं.”

त्याने बॉनेट उघडले आणि मल्टिमीटरच्या दोन काड्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर टेकवल्या. काटा नव्हता, आकडे होते: 12.6. मला हायसे वाटले, कारण सहा घटांची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असता स्वस्थ स्थितीत इतकाच दाब दाखवते एवढे मला ठाऊक होते. मिस्त्रीने मान हलवली. गाडी आत्ताच चालून आली आहे, हा वरवरचा दाब आहे, असे म्हणून त्याने पुढचे मोठे दिवे दोन-तीन मिनिटे लावून ठेवले, विझवले, थोडा वेळ थांबला आणि पुन्हा काड्या टेकवल्या. आता 12.1 आले, म्हणजे निम्म्याहूनही कमी भरणा. मग त्याने मला किल्ली फिरवावयास सांगितली, आणि त्या कट-कट आवाजाबरोबर आकडे कोसळून 8.4 वर आले. सेल्फ मारताना निरोगी बॅटरी साधारण 9.6 च्या खाली जात नाही. त्याखाली गेली की संगणकांना झोप येऊ लागते. त्याने टर्मिनलही सोडवले, त्याच्या खालची पांढरीहिरवी बुरशीसारखी खपली खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन काढली, ब्रशने घासून पुन्हा आवळले, आणि परत तपासले. आकडा थोडा सुधारला, पण पुरेसा नाही.

या लहानशा परीक्षेत जो तात्त्विक आशय आहे तो मला अनेक ग्रंथांतून मिळाला नव्हता. एखादी वस्तू सशक्त आहे की दुर्बल, हे ती स्वस्थ असताना विचारून कळत नाही. तिच्यावर भार टाकावा लागतो. विसावलेल्या बॅटरीचा दाब आणि विसावलेल्या माणसाचे शील ही दोन्ही सारखीच फसवी असतात, आणि संतांनी वैराग्याची परीक्षा नेहमी संकटात का घ्यावयास सांगितली याचा अर्थ मला त्या टिनाच्या शेडखाली अधिक स्पष्ट झाला.

छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांच्या कलहाची कथा आहे. वाणी, डोळा, कान, मन आणि प्राण यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद पडतो आणि ती सारी प्रजापतीकडे फिर्याद नेतात. प्रजापतीचा निवाडा असा की ज्याच्या जाण्याने शरीर अत्यंत हीन दिसेल तो श्रेष्ठ. मग वाणी वर्षभर दूर राहते. शरीर मुक्यासारखे जगते. डोळा जातो, आंधळ्यासारखे जगते. कान जातो, मन जाते, तरी काही ना काही रीतीने जगणे चालते. शेवटी प्राण निघू लागतो, आणि उमदा घोडा ज्याप्रमाणे पाय बांधलेले खुंटेच उपटून नेतो त्याप्रमाणे बाकी सारी इंद्रिये मुळापासून उखडली जाऊ लागतात. मोटारीतला प्रकार याहून निराळा नाही. हॉर्न गेला तर फक्त हॉर्न जातो, दिवा गेला तर फक्त दिवा. परंतु हॉर्न, दिवे, घड्याळ, कुलपे आणि स्टिअरिंग एकदम कण्हू लागली तर त्यांतील एकालाही आरोपी न धरता, सारी ज्याच्या आश्रयाने राहतात त्याच्याकडे वळले पाहिजे. इंजिन चालू असता बहुतेक भार अल्टरनेटर उचलतो हे खरे. पण गाडी मंद गतीने वळत असताना विजेवर चालणारे स्टिअरिंग इतका प्रवाह मागते की तेवढ्यापुरती बॅटरीची साथ लागतेच, आणि म्हणूनच आमचे स्टिअरिंग गल्लीत जड होत होते आणि हमरस्त्यावर हलके.

भंडाऱ्याच्या माणसाने येथे आणखी एका गुरूचे स्मरण करावे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांचा या नगराशी संबंध आला, त्यांचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर येथलेच. चक्रधरांच्या मुखातील दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, त्यांत जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिल्याचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाती जो अवयव आला त्याने त्यालाच हत्ती म्हटले. त्यांपैकी कोणाचाही स्पर्श खोटा नव्हता. शहरातल्या कारखान्यातील ते सात दोषांकही असेच सात हात होते, आणि सातही हातांखाली हत्ती होता.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तारा जोडून मिस्त्रीने इंजिन सुरू केले, तेव्हा मीटरवर 14.2 आले, म्हणजे अल्टरनेटर आपले काम चोख करीत होता. थोडे अंतर गाडी फिरवून आणताच फलकावरचे दिवे एकेक करून मावळले. येथे मी समाधानाने नवी बॅटरी घेण्याची गोष्ट काढली, आणि येथेच त्या मिस्त्रीने मला दुसरा धडा दिला. त्याने विचारले, बॅटरी किती वर्षांची? दोन, मी म्हणालो. विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य घटते हे खरे, पण दोन वर्षांत ती बसावी याला काही तरी कारण हवे, असे त्याचे म्हणणे पडले.

कारणाचेही कारण विचारण्याचा हा धडा माझ्या वाटेच्या पुढच्याच टप्प्यावर होता: अड्याळहून पुढे गेले की पवनी लागते. तेथील जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि एका प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. ज्या धर्माचे अनुयायी त्या स्तूपाला प्रदक्षिणा घालीत त्याचा एक प्रमुख सिद्धांत प्रतीत्यसमुत्पाद होय: हे असले म्हणजे ते होते, हे थांबले म्हणजे ते थांबते, आणि कोणत्याही एका दुव्याला ‘हेच मूळ’ म्हणून चौकशी बंद करता येत नाही. लाघवाचा नियम मला बॅटरीपर्यंत घेऊन आला होता. पण त्या नियमाचा एक धोका आहे, तो असा की एक कारण सापडल्याच्या आनंदात मनुष्य त्या कारणाचे कारण विचारावयास विसरतो. क्षीण बॅटरी ही सातांच्या दृष्टीने अपराधी असली तरी स्वतः बळी असू शकते, आणि तिला बदलून तपास मिटवला तर पुढच्या वर्षी दुसरी बॅटरी त्याच मरणाने मरते.

दिवस मावळत आला होता. मिस्त्रीने इंजिन बंद केले, बॅटरीची ऋण तार सोडवली, आणि मीटर त्या वाटेत घालून झोपलेली गाडी किती प्रवाह पिते ते मोजले. सर्व बंद असताना घड्याळ आणि संगणकांची स्मृती यांसाठी 0.05 अँपिअरच्या आत प्रवाह लागावा, येथे 0.45 दिसत होता. मग विजेरी दातांत धरून तो फ्यूजपेटीतला एकेक फ्यूज उपटू लागला. एक फ्यूज काढला, आकडा हलला नाही, पुन्हा बसवला. दुसरा, तिसरा, तसेच. पाचवा काढताच आकडा 0.03 वर आला; बसवला, पुन्हा 0.45. न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक या नावांनी मी जे वर्षानुवर्षे शिकवले ते मिस्त्रीच्या दोन काळ्या बोटांत त्या संध्याकाळी प्रत्यक्ष पाहिले. तो फ्यूज आतल्या दिव्यांचा होता. आतले दिवे तर विझलेले दिसत होते. त्याने डिकीच्या झाकणाच्या फटीला डोळा लावला, मला बोलावले, आणि मी पाहिले तो आत, बंद झाकणाखाली, एक पाच वॅटचा बल्ब शांतपणे जळत होता.

“रातभर दिवा जरत असन तं बॅटरी कुठून टिकन?” तो म्हणाला. हिशेब सरळ आहे. 0.42 अँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला सुमारे 10 अँपिअर-तास. 35 अँपिअर-तासांची बॅटरी अशा गळतीने साडेतीन दिवसांत कोरडी होते. आम्ही रोज थोडीशी गाडी चालवत होतो म्हणून ती पूर्ण न मरता अर्धपोटी राहिली, आणि अर्धपोटी राहणेच शिशाच्या बॅटरीला अधिक घातक असते, कारण तिच्या पट्ट्यांवर जमणारे लेड सल्फेट कडक स्फटिकांत थिजते आणि मग कितीही भरणा केला तरी विरघळत नाही. झाकण बंद होताच जी लहानशी कळ दाबली जाऊन दिवा विझावयाचा, ती कळ वाकलेली होती. ती का वाकली हे मिस्त्री सांगू शकत नव्हता. मी सांगू शकत होतो. पंधरवड्यापूर्वी चिन्नोर तांदळाचे एक पोते मी डिकीत आडवे कोंबले होते, झाकण लागत नव्हते, आणि मी ते दोन्ही हातांनी जोराने दाबून लावले होते.

न्यायग्रंथांत कार्याच्या आधी असूनही कारण नसलेल्या गोष्टींना अन्यथासिद्ध म्हणतात, आणि त्याचे उदाहरण म्हणून ज्या गाढवावरून कुंभाराची माती आली ते गाढव दाखवतात. आमच्या प्रकरणात असली गाढवे पुष्कळ होती: शनिवार, पावसाची दडी, घरातला ताप, कारखान्याने बदललेला सेन्सर. ती एकेक करून बाजूला झाली, आणि शृंखलेच्या टोकाशी उरले ते माझे स्वतःचे दोन हात. कर्मसिद्धांताची थोरवी मला येथे जाणवते. तो सिद्धांत मुळात मनुष्याला आकाशातील ग्रहाकडून परत त्याच्या स्वतःच्या कृतीकडे आणण्यासाठी आहे. पण ते परत येणे एका उडीत साधत नाही, दृष्टाच्या प्रत्येक पायरीवर पाय ठेवीत यावे लागते, आणि ज्याने त्या पायऱ्या गाळल्या त्याचे ‘माझे कर्म’ हे उद्गारही पोकळ असतात. दृष्ट कारणे शोधण्याचा कंटाळा आला म्हणून अदृष्टाचे नाव घेणे हा मला अदृष्टाचा अवमान वाटतो. दृष्टाची वाट जेथे खरोखर संपते, जेथे वैद्याचे आणि मिस्त्रीचे दोघांचेही हात टेकतात, तेथे नमस्कारासाठी जोडलेले हात शोभतात.

शहरातल्या त्या कारागिरालाही मी दोष देत नाही, कारण त्याने केलेली चूक मी माणसांच्या बाबतीत आयुष्यभर केली आहे. घरात सून चिडते, मुलगा अबोल होतो, म्हातारा बाप जेवणावर रागावतो, आणि आपण प्रत्येकाच्या स्वभावाचा स्वतंत्र पंचनामा करीत बसतो; त्या सर्वांना ज्या एका गोष्टीचा आधार होता ती कधी आटली, आणि कोणत्या बंद झाकणाखाली कोणता दिवा रात्रंदिवस तिला पीत आहे, हे पाहावयाचे सुचत नाही.

जुन्या बॅटरीने भरणा धरला नाही. भंडाऱ्यात नवी बसवली, जुनी दुकानदाराकडे जमा केली, आणि डिकीची कळ सरळ करून घेतली. तापाच्या दोघांना दवाखान्यात नेले, ते उठले. पाऊस आला, रोवणी झाली. पुढच्या शनिवारी वहिनी तेलाची वाटी घेऊन निघाल्या तेव्हा मीच त्यांना मारुतीच्या देवळापर्यंत गाडीने घेऊन गेलो. देवळासमोरच्या बोळात वळताना स्टिअरिंग हलके होते, आणि फलकावर एकही दिवा लागलेला नव्हता.